गुठळी कुठल्या नळीत झाली, ते आधी विचारा

गेल्या अंकात पायातल्या रक्ताच्या गुठळीवर लिहिताना शेवटी मी एक वाक्य सहज टाकलं होतं, की ही प्रवृत्ती काही घराण्यांत चालत येते. झालं, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की या महिन्याचा मूतखडा पुढे ढकलावा लागला. बहुतेकांचा सूर एकच, आमच्या घरात रक्त घट्ट आहे, मग आता हार्ट अटॅक येणार का? दवाखान्यातपण रोज कोणीतरी टेबलावर फाईल ठेवून म्हणतंच, "डॉक्टर, रगात दाट झालाहा." तर आज फक्त तेवढंच घेते. नावं दिलेली नाहीत, गावं दिलीत.

माझं वय 34, आम्ही गुहागरकडचे. माझ्या धाकट्या भावाला (वय 29) मागच्या डिसेंबरात मुंबईत उजव्या पायात गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली, आठ दिवस आयसीयूत होता, आता बरा आहे. रिपोर्टमध्ये प्रोटीन एस कमी आलंय आणि हे आनुवंशिक असतं असं सांगितलं. आमचे बाबा 46 व्या वर्षी अटॅकने गेले. म्हणजे हे बाबांकडूनच आलं का? मी आणि माझ्या दोन मुलींनी सगळ्या टेस्ट करायच्या का? रात्री झोप लागत नाही.

ताई, भावाची गुठळी आणि बाबांचा अटॅक तुम्ही एकाच दोऱ्यात ओवून टाकलेत, आणि झोप त्यानेच उडालीय. तो दोरा आधी सोडवू.

तुमच्याकडे सुपारीची वाडी असेल तर हे लगेच कळेल. वाडीत पाणी दोन तऱ्हेने फिरतं, एक पंपाच्या नळीतून, जोरात, आणि दुसरं पाटातून, संथ, उताराच्या भरवशावर. पाटात पाणी जरा रेंगाळलं की पाला अडकतो, त्याला गाळ धरतो आणि वाट बंद. पंपाच्या नळीत पाला साचत नाही, तिथे वर्षानुवर्षं आतून पुटं चढतात आणि एक दिवस पूट तडकतं. शाळेत आपण रोहिणी आणि नीला शिकलो ना, तेच. रोहिणी म्हणजे धमनी, पंपाची नळी. नीला म्हणजे शीर, पाट. तुमच्या भावाची गुठळी पाटातली आहे. बाबांचा अटॅक पंपाच्या नळीतला.

रक्त गोठणं ही चांगली गोष्ट आहे, कोयता लागला तर त्यानेच आपण वाचतो. पण गोठायला सुरुवात झाली की कुठेतरी थांबायलाही हवं, म्हणून शरीरात ब्रेक असतात, प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन. यातला एखादा जन्मापासून कमी असला की ब्रेक थोडा ढिला. अशा घराण्याची पहिली नोंद 1965 ची, नॉर्वेतली, त्या कुटुंबात अँटिथ्रॉम्बिन कमी होतं. मग 1994 मध्ये हॉलंडच्या लायडन गावात फॅक्टर फाइव्ह लायडन नावाचा जनुकदोष सापडला, तो युरोपातल्या लोकांत साधारण शंभरात पाच जणांना असतो, आपल्याकडे त्या मानाने फारच कमी. आणि मुद्दा असा की हे ब्रेक ढिले असले की त्रास मुख्यतः पाटात होतो, पायाच्या शिरा, तिथून सुटून फुप्फुस, कधी पोटातल्या किंवा मेंदूतल्या शिरा. हृदयाच्या धमन्यांवर यांचा परिणाम फार थोडा, तोही जास्त करून तरुण वयात आणि सिगारेट ओढणाऱ्यांत दिसतो.

आता तो रिपोर्ट. तारीख बघा हो त्यावरची. भाऊ आयसीयूत असतानाच रक्त काढलं असेल तर त्या आकड्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही, कारण ताज्या गुठळीत प्रोटीन एस खर्च होऊनच कमी दिसतं. वॉरफरिन (गुठळी थांबवायची गोळी) चालू असताना कमी दिसतं, गरोदरपणात कमी दिसतं, गर्भनिरोधक गोळ्यांवर कमी दिसतं, लिव्हर बिघडलं तरी कमी. म्हणून ही टेस्ट घटना होऊन साधारण तीन महिने गेल्यावर, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करता येत असतील तर त्या थांबवून काही आठवड्यांनी, परत करायची असते. गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका म्हणावं त्याला, एका टेस्टसाठी कोणी फुप्फुस पणाला लावत नाही. परत केल्यावरही कमी आलं तर मग खरं, आणि मग तुम्हाला ते असण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी.

तुम्ही टेस्ट करायची का? तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, परत दिवस जाण्याचा विचार असेल किंवा मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर भावाचं नक्की झाल्यावर करा, उपयोग होईल. लहान मुलींना सुया टोचायची आत्ता काहीच गरज नाही, वयात आल्यावर बघू. ज्यांच्यात हा दोष असतो त्यातल्या पुष्कळांना आयुष्यभर एकही गुठळी होत नाही, आणि दोष सापडला म्हणून धडधाकट माणसाला रोज गोळी देतपण नाहीत. कागदावर फक्त एक शिक्का बसतो आणि झोप जाते. तुमची तर शिक्का बसायच्या आधीच गेलीय.

आता बाबांचं, कारण मला खरी काळजी तिथे आहे. पुरुषाला 55 च्या आत किंवा बाईला 65 च्या आत हृदयविकार झाला तर आम्ही तो घराण्यातला धोका धरतो, आणि 46 म्हणजे फारच लवकर. त्यासाठी तुमचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तर बघाच, शिवाय आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए नावाची टेस्ट करा. ए कंसातलं असतं, लॅबवाला ओळखतो. हे कोलेस्टेरॉलचंच एक चिकट भावंड, जवळजवळ सगळं आई-बापाकडून ठरून येतं, व्यायाम किंवा पथ्याने फारसं हलत नाही, आणि 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर जास्त समजतात. आपल्याकडे साधारण चारातल्या एकाला जास्त असतं. गंमत म्हणजे याची रचना रक्तातली गुठळी विरघळवणाऱ्या एका प्रोटीनसारखी दिसते, त्यामुळे नळीत पूट चढवायचं काम हे करतंच आणि गुठळी विरघळू देत नाही असाही संशय आहे. घराण्यात चालत आलेली आणि अटॅकशी खरंच नातं असलेली गोष्ट हवी असेल तर ती ही. 1963 मध्ये सापडलं, तेही नॉर्वेतच. तिकडचे लोकपण आपल्यासारखे किनाऱ्यावरचे, मासे खाणारे. 2024 मध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानेही प्रत्येकाने एकदा ही टेस्ट करावी असं सांगितलंय. जास्त आली तर घाबरायचं नाही, बाकीच्या गोष्टी, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि बीपी, जास्त कडक धरायच्या.

आणि एक विचारते, रागावू नका. घरात मशेरी कोण लावतं? आमच्या दवाखान्यात बायका सिगारेट-तंबाखू कशालाच हो म्हणत नाहीत, आणि मशेरी विचारली की हसतात, "ती काय तंबाखू आहे?" ती तंबाखूच आहे, भाजलेली.

मी मालवणची, वय 38. दरवर्षी गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते, मेडिकलमधून मिळतात. यंदा माझ्या सख्ख्या बहिणीला बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली तेव्हा कोणीतरी म्हणालं की या गोळ्यांनी रक्त गोठतं. खरं का? घरात सगळं मलाच करायचं असतं हो.

खरं आहे, अर्धं. त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं. मोठ्या डोसात, म्हणजे दिवसाला तीन तीन गोळ्या घेता तेव्हा, त्यातलं थोडं शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि गुठळीचा जुना मित्र तो इस्ट्रोजेन. धडधाकट बाईला पाच-सात दिवसांत काही होण्याची शक्यता कमीच. पण सख्ख्या बहिणीला गुठळी झालेली, वय 38, वजन जास्त असेल तर तेही, वरून दोन दिवस मोदक वळत एका जागी बसलेली, पाणी प्यायला वेळ नाही, आणि मग मुंबईपर्यंतचा प्रवास, हे सगळं एकावर एक चढतं. फिर्खो नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन डॉक्टरचं नाव ज्या त्रिकुटाला लागलं ते अजून तसंच शिकवतात, रक्त संथ होणं, नळीच्या आतल्या भिंतीला इजा, आणि रक्तातच गोठायची ओढ. एकटं कोणी फारसं काही करत नाही, दोघं-तिघं जमली की काम होतं.

म्हणून तुम्ही यंदा मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. डॉक्टरला बहिणीचं सांगा, मग ते ठरवतील, पर्याय आहेत. गर्भनिरोधक गोळ्या सुरू करतानाही हेच सांगायचं, पहिल्याच भेटीत, विचारायची वाट न बघता.

माझं विचाराल तर गौर माहेरवाशीण म्हणून येते आपल्याकडे, बाईची अडचण तिला नवीन नाही. पण सासूबाईंना हे मी सांगितलं असं सांगू नका, आमचं गावात येणं-जाणं आहे.

बहिणीबद्दल पण दोन शब्द. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीसाठी सगळ्यात नाजूक, आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच बाळंतिणीला पाणी कमी देतात, खोलीतून हलू देत नाहीत. मागे एक बाळंतीण आली, बाविसावा दिवस. आईने डाव्या पायाला निरगुडीचा पाला बांधलेला, आणि त्याआधी तीन दिवस रोज संध्याकाळी खोबरेल तेल जिरवून मालिश. पाला सोडला तर पोटरी टणक, चकाकणारी, आणि डाव्या पायाची जोडवी मांसात रुतलेली, उजव्या पायातली सैल फिरत होती. मी टेबलाच्या खणातून शिंप्याची टेप काढली, दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजल्या, चार सेंटिमीटरचा फरक. मालिश बंद, गाडी बोलवा, डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. आईचा चेहरा अजून आठवतो, ती बिचारी लेकीसाठीच करत होती. तर एकच पाय सुजला, दुखतोय, गरम लागतोय, तर चोळायचं नाही, म्हणजे नाहीच. सुटलेला तुकडा फुप्फुसात जातो. त्यातच अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडली, तर 108 ला फोन, नातेवाईक जमायची वाट बघायची नाही. ही फुप्फुसातली गुठळी दिसायला अगदी अटॅकसारखी असते, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, कधी कधी ईसीजी बघूनही फसायला होतं. लोक म्हणतात "अटॅकने गेली", आणि असते ती पायातून आलेली गुठळी. गुठळी आणि हृदय यांची गाठ पडते ती बहुतेक वेळा अशी.

मी देवगडचा आंबा बागायतदार, वय 61. दोन महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट टाकला, त्यानंतर घरीच तोल जाऊन पडलो, मांडीचं हाड मोडलं, पडून राहिल्यामुळे पायात गुठळी. आता अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅसिट्रॉम अशा तीन गोळ्या आहेत. तिन्ही रक्त पातळ करायच्याच असतील तर एकच मोठी का देत नाहीत? आणि हिरव्या भाज्या बंद सांगितल्यात, श्रावणात टाकळा, अळू नाही खायचं मग काय खायचं?

काका, तुमच्या एका शरीरात आमचा अख्खा धडा आहे. वर पंप आणि पाट सांगितलं ना, तुमचं दोन्हीकडे झालंय. धमनीतली गुठळी मुख्यतः प्लेटलेटची असते, पांढरट, तिच्यावर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. शिरेतली गुठळी तंतूंच्या जाळ्यात अडकलेल्या लाल पेशींची, ती थांबवायला अ‍ॅसिट्रॉम, वॉरफरिन किंवा नवीन गोळ्या. एकीचं काम दुसरी नीट करत नाही. यातली कुठलीही गोळी रक्त खरं तर "पातळ" करत नाही, गोठायला वेळ लावते, इतकंच. या गोळ्यांनी पिठल्यासारखं दाट रक्त आमटीसारखं पातळ होतं असं काही नसतं.

पण तिन्ही एकत्र म्हणजे रक्तस्रावाचा धोका बऱ्यापैकी, म्हणून हे त्रिकूट डॉक्टर शक्य तितक्या लवकर मोडतात. पुढच्या भेटीत थेट विचारा, यातली कुठली कधी बंद. मनाने एकही सोडायची नाही, स्टेंट नवीन असताना तर अजिबात नाही. हाड मोडून पडून राहिल्यामुळे झालेली गुठळी, म्हणजे कारण समोर दिसतंय, अशा वेळी अ‍ॅसिट्रॉम साधारण तीन महिने असते. काही कारण नसताना झालेली असेल तर जास्त काळ, कधी कायमची.

अ‍ॅसिट्रॉमची गोष्ट तुम्हाला आवडेल, शेतकऱ्याचीच आहे. अमेरिकेत 1920 च्या सुमारास गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली, बुरशी लागलेलं गोड क्लोव्हरचं गवत खाऊन. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली गाय, थोडं गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल लिंक नावाच्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये पोचला. त्या गवतातून काढलेल्या पदार्थावरून पुढे वॉरफरिन बनलं, 1948 मध्ये ते आधी उंदीर मारायला विकलं, मग माणसाला द्यायला लागले, आणि 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला हार्ट अटॅक आला तेव्हा त्यालाही दिलं. अ‍ॅसिट्रॉम त्याच घरातली.

ही गोळी रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केच्या विरोधात काम करते, आणि ते हिरव्या पाल्यात ठासून असतं, म्हणून "भाजी बंद" सांगतात. पण बंद करायचं नसतं हो, एकसारखं खायचं असतं. आपल्याकडे घोळ असा होतो की मे महिन्यात माणूस आंबा, फणस आणि मासे यावर असतो, आणि पाऊस पडला रे पडला की टाकळा, मग अळूचं फदफदं, गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि शेवग्याचा पाला, एकदम ढीग. मग आय एन आर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, खाली येतो. माझ्याकडे हे दर ऑगस्टला दिसतं, एप्रिलला 2.6 असलेला माणूस 1.4 वर येतो आणि गोळी तीच, वेळ तीच, बायको शपथेवर सांगते की एकही चुकली नाही. आय एन आर तुमच्यासारख्याला 2 ते 3 मध्ये हवा. तर आठवड्यातून दोनदा एक वाटी पालेभाजी ठरवा, बाराही महिने तेवढीच, आणि पावसाळा लागल्यावर पंधरा दिवसांत एक टेस्ट जास्तीची करा.

अंगदुखीची गोळी दुकानातून घेऊ नका, पोटात रक्तस्राव होतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दाखवा. दात काढायच्या आधी, कुठलंही नवीन औषध किंवा काढा सुरू करायच्या आधी सांगा. डोक्याला मार लागला, कितीही किरकोळ वाटला तरी, हॉस्पिटल. आणि यंदा कलमावर तुम्ही चढायचं नाही, आंबे उतरवायची घळ हातात घेऊन खालून सूचना द्यायच्या, तसंही बागायतदार सूचनाच जास्त देतात.

चिपळूण. माझ्या भावाला हिमोफिलिया आहे, वय 52. रक्तच गोठत नाही तर त्याला हार्ट अटॅक येणारच नाही ना? हल्ली चढ चढताना छातीत भरून येतं म्हणतो, पण आम्ही गॅस समजून सोडा देतो.

सोडा बंद करा आणि त्याला या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरकडे न्या. अर्धं लिहून सोडत नाही, पण हे आधी.

हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर आठ किंवा नऊ नावाचं प्रोटीन कमी, ब्रेक ढिला नाही तर इंजिनच कमी. पूर्वी हे रुग्ण तरुणपणीच जायचे म्हणून हा प्रश्नच येत नसे. आता फॅक्टर मिळतो, ते पन्नाशी-साठी गाठतात, आणि धमनीत पुटं त्यांच्यातही इतरांसारखीच चढतात, कारण पूट चढायला गोठणं लागत नाही, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू पुरते. नळी अरुंद झाली की चढावर छाती भरतेच. फरक उपचारात. छातीत दुखलं की घरात अ‍ॅस्पिरिन चघळायला देतात ना, ते याला हिमोफिलियाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. अँजिओग्राफी, स्टेंट सगळं करता येतं, पण आधी फॅक्टर देऊन, रक्ताचे आणि हृदयाचे डॉक्टर एकत्र बसून. 108 वाल्यालासुद्धा पहिलं वाक्य "हिमोफिलिया आहे" हेच सांगायचं, त्याच्या पाकिटात चिठ्ठी ठेवा. मुंबईला परळच्या केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवरची राष्ट्रीय संस्था आहे, अशा आजारांच्या तपासण्यांत ती जुनी आणि जाणती. आणि भावाला मुलगी असेल तर ती वाहक असणारच, तिचं लग्न ठरायच्या आधी नाही तर निदान बाळंतपणाच्या आधी तरी फॅक्टर मोजून घ्या.

अलिबाग. पॅकेजमध्ये जीन टेस्ट केली, एमटीएचएफआर पॉझिटिव्ह आलं, होमोसिस्टीन 19. लॅबवाल्याने सांगितलं गुठळ्या आणि हृदयविकार दोन्हीचा धोका.

पॅकेजने तुमचे पैसे घेतले, एवढाच ठाम निष्कर्ष. हा जीन बदल इतका कॉमन आहे की तुमच्या गल्लीत बऱ्याच जणांना निघेल, आणि 2013 पासून अमेरिकेतली जनुकतज्ज्ञांची संस्थाच सांगते की गुठळीच्या तपासणीत ही टेस्ट करू नका. होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल. हृदयविकार किंवा त्याचा धोका जास्त असलेल्यांना फॉलिक अ‍ॅसिड आणि बी 12 देऊन ते खाली आणलं, 2006 च्या दोन मोठ्या अभ्यासांत, तर हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. पण तुम्ही शाकाहारी असाल तर बी 12 मात्र मोजा, कमी असेल तर भरून काढा, हातापायाला मुंग्या आणि थकवा त्यानेच असू शकतो.

रत्नागिरी तालुका. माझ्या सुनेचे तीन गर्भ गेले. एका ठिकाणी सांगितलं रक्त गोठतं म्हणून. घरात बोलणी सुरू झालीत की तिच्या माहेरचाच दोष. ती रडते, मला वाईट वाटतं.

सासूबाई, तुम्ही हे पत्र लिहिलंत याचं मला कौतुक वाटलं, म्हणून जरा सविस्तर.

वारंवार गर्भ जाण्यात जो रक्ताचा दोष सगळ्यात आधी शोधायचा तो बहुतेक वेळा माहेरून येत नाही आणि सासरहूनही नाही. त्याचं नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. शरीर स्वतःच्याच विरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, जन्मतः नसतं. 1983 मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी त्याचं वर्णन केलं. मी वर सारखं पंप वेगळा पाट वेगळा म्हणत आले, तर हा आजार त्याला अपवाद आहे, हा दोन्हीकडे गुठळ्या करतो, पायात, मेंदूत, तरुण वयात हृदयात, आणि गर्भाच्या वारेत. म्हणून हा शोधणं जास्त महत्त्वाचं. टेस्ट एकदा पॉझिटिव्ह येऊन चालत नाही, 12 आठवड्यांनी परत करतात, दोन्ही वेळा आली तरच खरी. कारण साध्या तापानंतरही काही दिवस पॉझिटिव्ह येते. हा निघाला तर उपाय चांगला आहे, गरोदरपणात कमी डोसचं अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी थांबवणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं, आणि पुष्कळ जणींची बाळं सुखरूप जन्मतात.

पण नुसता आनुवंशिक दोष, प्रोटीन एस वगैरे, सापडला म्हणून रोज पोटात इंजेक्शन टोचत असतील तर एकदा विचारा कशासाठी. 2023 मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात अशा बायकांना वारंवार गर्भपातासाठी हेपारिन देऊन बाळ जन्माचं प्रमाण वाढलं नाही. तिला स्वतःला आधी गुठळी झालेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते तिच्या पायासाठी आणि फुप्फुसासाठी असतं. आणि थायरॉइड, साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी, नवरा-बायको दोघांची क्रोमोसोम तपासणी, हेही करायचं असतं. दोघांची लिहिलंय, मुलालाही पाठवा.

ब्लड ग्रुप ओ नसेल तर गुठळ्या जास्त होतात असं वाचलं. माझा बी पॉझिटिव्ह. वेंगुर्ला.

होतात, किंचित. ओ सोडून बाकी ग्रुपवाल्यांत फॉन विलेब्रँड फॅक्टर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारं एक प्रोटीन, जरा जास्त असतो, म्हणून गुठळी आणि अटॅक दोन्हींचा धोका थोडा जास्त. ग्रुप बदलता येत नाही, पोट कमी करता येतं. फोटो पाठवलात म्हणून लिहिलं.

मुंबईहून गणपतीला दापोलीला येताना बसमध्ये 14-15 तास लागतात. चुलतभावाला गुठळी झालीय. प्रवासाच्या आधी अ‍ॅस्पिरिन घेऊ का?

नको. प्रवासातल्या गुठळीला अ‍ॅस्पिरिन फारसं अडवत नाही आणि पोट बिघडवतं. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की धोका साधारण दुप्पट होतो, पण मुळात तो इतका लहान आहे की दुप्पट होऊनही बहुतेकांना काही होत नाही. तुम्हाला स्वतःला आधी झालेली असती तर पायाला घट्ट बसणारं स्टॉकिंग किंवा इंजेक्शनचा विचार केला असता. पाणी पीत या, लघवीला उतरावं लागतं म्हणून पाणी न पिणारे निम्मे प्रवासी असतात, ते करू नका. दारू नको. सीटखाली बॅग ठेवून पाय आखडून बसू नका, दर अर्ध्या तासाने टाचा वर-खाली करा. आणि माणगावला ट्रॅफिकमध्ये बस थांबली की खुशाल उतरून दहा मिनिटं चाला, तेवढ्यात ती काही पुढे जात नाही.